पाणी गार आहे

एतेल्विनाचा नवरा बेर्नार्दिनो पायांनी मेला. आमच्या पोव्हुआच्या कोळीवाड्यात असंच म्हणतात. एका जानेवारीत होडी वर ओढून घेताना गुडघाभर पाण्यात उभा राहून तो म्हणाला होता, "आज पाणी गार नाही." बाकीचे कुडकुडत होते. ते हसले, यानं सकाळीच चढवली म्हणाले. एतेल्विना काठावर टोपली घेऊन उभी होती, ती हसली नाही. तिच्या सासऱ्यालाही असंच एकदा पाणी गार लागेनासं झालं होतं.

पुढे बेर्नार्दिनोचे पाय बधिर झाले, मग पोटात अन्न ठरेना. गेला तेव्हा तो वल्ह्याइतका वाळला होता.

आमच्याकडे प्रत्येक घराची एक खूण असते. जाळ्याच्या बुचांवर, होडीवर, थडग्यावर नावाऐवजी तीच कोरतात. बापाची खूण जशीच्या तशी मिळते ती धाकट्या मुलाला. थोरल्यांनी तिच्यात एकेक रेघ वाढवायची. बेर्नार्दिनोच्या घरची खूण माशाच्या काट्यासारखी. तो धाकटा, त्याचा बापही धाकटा. दोघांच्याही थोरल्या भावांना हा आजार गाठण्याआधीच समुद्रानं गाठलं होतं. त्यावरून घरात एक गोष्ट पक्की झाली: खूण ज्याच्याकडे, आजार त्याच्याकडे. हे कुणी मोठ्यानं बोललं नाही. पण बापाच्या माघारी खूण आणि होडी धाकट्या अदेलिनोकडे आली, आणि त्यानं आपलं ठरलेलं लग्न मोडलं. थोरली आल्बेर्तिना शिवणकाम करायची आणि भावाकडे पाहून चुपचाप डोळे पुसायची. स्वतःची काळजी तिला कधी वाटली नाही.

"रक्त तपासून कळतं रे," एतेल्विना त्याला म्हणायची.

"जे माहीत आहे ते कशाला विचारायचं, आई?"

मासळीबाजाराच्या वरच्या खोलीत या आजाराच्या माणसांनी एक संघटना काढली होती. माणसं कसली, बहुतेक विधवाच. पोर्तोहून डॉक्टर किटेरिया तिथे यायच्या. यकृत एक प्रथिन बनवतं, या घरांत ते नीट जुळून राहत नाही, सुटं होतं आणि नसांवर साचतं, असं त्यांनी समजावलं. ते जुळवून धरणारी एक गोळी तयार झाली होती. पण तिचा गुण पाहायला आजार नुकता सुरू झालेली माणसं हवी होती, आणि आमच्याकडे नुकता सुरू झालेला आजार सगळे लपवतात.

"निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना पोकळ," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कुणाला कुठली, ते मलाही कळणार नाही."

"म्हणजे निम्म्यांना पीठ," एतेल्विना म्हणाली.

"पीठच म्हणा. त्याशिवाय खरं काय ते समजत नाही."

"ते पटलं. पण पीठ खाल्लेल्यांच्या पायांचं काय? प्रयोग संपला की खरी गोळी त्यांनाही मिळेल, असं कबूल करा. मग मी माणसं आणते."

"ते माझ्या एकटीच्या हातात नाही हो."

"मग ज्यांच्या हातात आहे त्यांना बोलवा. खुर्च्या आहेत आपल्याकडे."

कंपनीची माणसं आली. तळलेली मासळी खाऊन गेली, पुन्हा आली, पुन्हा खाऊन गेली. एतेल्विना दर वेळी तेच एक वाक्य बोलायची. शेवटी त्यांनी कबूल केलं.

मग ती टोपली घेऊन दारोदार फिरू लागली. "सार्डिन ताजी आहे. आणि काय गं, तुझ्या नवऱ्याची चप्पल पायातून निसटते ते त्याला कळतं का?" बायका आधी दार लावून घ्यायच्या. पुढे पुढे दाराआड उभ्या राहून हळूच सांगू लागल्या, "कळत नाही, मावशी." फक्त ग्रासिंडा, जिची जीभ सुरीसारखी चालते, तिनं एकदा ऐकवलं, "दुसऱ्यांची पोरं नेतेस. घरातलं पोर आधी ने."

त्या दिवशी एतेल्विना टोपली तशीच भरलेली घेऊन परत आली. आल्बेर्तिनानं ती पाहिली, कात्री खाली ठेवली आणि भावाला म्हणाली, "ऊठ. मीही रक्त देते तुझ्याबरोबर. मला काय होणार आहे? पण तुला सोबत होईल, घाबरटा."

निकालाच्या दिवशी दोघांना वेगवेगळं आत बोलावलं. अदेलिनो बाहेर आला आणि टोपी हातात फिरवत बसला. "माझ्यात नाही म्हणाल्या," तो म्हणाला. एतेल्विनानं त्याचं डोकं छातीशी धरलं. तेवढ्यात आल्बेर्तिना आली.

"माझ्यात आहे."

"तुझ्यात कसं? खूण तर याच्याकडे."

"रक्ताला खूण वाचता येत नाही, आई."

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की प्रत्येक पोराच्या वेळी नाणं नव्यानं उडतं. धाकटं, थोरलं ते पाहत नाही. आल्बेर्तिनाच्या पायांना मुंग्या येत होत्या. त्या शिलाई मशीनच्या पायडलमुळे येतात असं ती धरून चालली होती. ती प्रयोगात शिरली. गोळी जिभेवर ठेवताना रोज म्हणायची, "पीठ असेल तर निदान मीठ तरी घालायचं." अदेलिनो हसायचा नाही.

ते पीठच होतं. प्रयोग संपल्यावर कळलं. त्या काळात डाव्या पायाची दोन बोटं बधिर झाली, ती झालीच. पण त्याच आठवड्यात खरी गोळी तिच्या हातात पडली, कारण एका मासेवालीनं मासळी खाऊ घालत ते कबूल करून घेतलं होतं. कुणासाठी, हे तेव्हा एतेल्विनाला ठाऊक नव्हतं. कळलं तेव्हा ती बराच वेळ हात धूत राहिली.

गोळी आजार घालवत नाही. कुणाचा थोपवते, कुणाचा नाही. आल्बेर्तिनाचा थोपला आहे. अदेलिनो आता कोळीवाड्यातल्या अशा इतर घरांतल्या थोरल्या भावंडांकडे जाऊन बसतो, तपासून घ्या म्हणून त्यांचं डोकं खातो. लग्न त्यानं केलं नाही. ती मुलगी वाट पाहून थकली होती.

दर जानेवारीत एतेल्विना लेकीला घेऊन समुद्रावर जाते. यंदा मी माझं जाळं सांधत काठावरच होतो. आल्बेर्तिनानं मोजे काढले, पाण्यात पाय घातला आणि आईच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

"मेले गं. बर्फ आहे नुसता. पोटच्या पोरीला असं कुणी करतं का?"

"उजव्याला लागतं का?"

"लागतं."

"डाव्याला?"

"दोन बोटं सोडून सगळ्याला लागतं. येऊ का बाहेर?"

"थांब जरा," एतेल्विना म्हणाली, टोपली वाळूत ठेवून खाली बसली. "शिव्या दे अजून थोड्या."