हरेलीच्या दिवशीची तालीम

माल अडला की माणसं आधी कपाळाला हात लावतात आणि मग फोनवर एकमेकांवर ओरडतात. आमच्या वर्गात या दोन्ही गोष्टी न करता माल पुढे कसा न्यायचा, ते शिकवलं जायचं. अनुदानाच्या कागदांत त्याचं नाव भारदस्त होतं, ‘पुरवठा साखळी टिकवण्यासाठी युवा नेतृत्व प्रशिक्षण’. ते मोठ्यानं वाचताना मला दरवेळी पदर सावरून बसावंसं वाटे. प्रत्यक्षात रायपूरच्या गुढियारीत, मालधक्क्याजवळ, दोन खोल्या, एक फळा आणि दिवसभर फोन कानाला लावलेली वीस-बावीस वर्षांची पोरं, एवढाच आमचा पसारा.

वर्ग सरांनी उभा केला होता आणि मी त्यांच्या हाताखाली सगळं बघत होते. सरांचं घराणं मराठ्यांच्या राज्यापासून रायपुरात. मी नागपूरची, लग्न होऊन इथे आलेली. कार्यालयात भिंतीवर मराठी कॅलेंडर आणि डब्यात मराठी भाजी, पण शिकणारी पोरं बहुतेक छत्तीसगढी. आमचं मराठी त्यांना कळायचं, उत्तर मात्र हिंदीत यायचं.

त्यांच्यात एक मुलगी होती. राहायची उरल्याला, कारखान्यांच्या धुळीत, आणि गाव अभनपूरच्या पलीकडे. चिडलेल्या ट्रकवाल्याला हसवून त्याच्याकडून काम करून घेणं तिलाच जमायचं. मला ती फार आवडायची, आणि मी ते लपवतही नव्हते. जुनं अनुदान संपत आलं होतं. नवं देणारी समिती दिल्लीहून पाहणीला येणार होती. त्यांनी नाही म्हटलं तर वर्ग बंद, आणि तिनं दुसऱ्या दिवसापासून उरल्यातल्या एका कारखान्यात पॅकिंगला जायचं, असं तिच्या घरी ठरून गेलं होतं.

समितीपुढे आम्ही एक तालीम करून दाखवणार होतो. अभनपूरकडच्या गावांतून निघालेली भाजी जेवणाच्या सुट्टीआधी उरल्याच्या कामगार कॅन्टीनमध्ये पोचायला हवी. मध्येच सर जाहीर करणार, “पूल बंद!” आणि पोरांनी तिथल्या तिथे दुसरी वाट काढायची. तारीख पोरांना आधी कळू द्यायची नाही, हा सरांचाच हट्ट.

मुलीनं सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं, “सर, बस सावन की अमावस मत रखिएगा. उस दिन हरेली है.”

सरांनी कॅलेंडरची पानं उलटली, श्रावणातल्या अमावास्येवर बोट ठेवलं आणि मला म्हणाले, “तिले तर अजून लई वेळ हाय. आपला श्रावणच कुठी लागला! तुम्ही काहून टेन्शन घेऊन राहिल्या?” त्यांनी आषाढातली अवस निवडली. त्या चौकोनात दिव्यांची अवस असं छापलं होतं. मी म्हटलं, छान, सकाळी घरचे दिवे घासून येईन. दिल्लीची विमानाची तिकिटं निघाली.

आदल्या सकाळी सरांनी वर्गात तारीख फोडली. टाळ्या पडतील अशी त्यांची अपेक्षा होती. पोरं मात्र एकमेकांकडे बघू लागली.

“सर,” मुलगी हळूच म्हणाली, “कल ही तो हरेली है.”

आमची आषाढातली अवस म्हणजे त्यांची सावनातली. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला, म्हणून त्यांचा सावन आपल्याआधी पंधरा दिवस सुरू होतो. पिढ्यानपिढ्या रायपुरात राहून सरांचे महिने मात्र अजून पुण्याचेच होते! आणि हरेली म्हणजे शेतकऱ्याच्या अवजारांचा सण. नांगर, कुदळ, विळा धुऊन, टिळा लावून पूजेला मांडायचे. त्या दिवशी त्यांना कामाला लावायचं नाही. ट्रॅक्टरसुद्धा हार घालून अंगणात उभा. भाजी कापणार कोण, आणि आणणार कशातून?

सर खुर्चीत मटकन बसले. “मले काही सुचून नाही राहिलं,” एवढंच म्हणाले. मी समितीला फोन करायला निघाले होते, तेवढ्यात मुलीनं माझा हात धरला.

“दीदी, रुकिए. औज़ार की छुट्टी है, हाथ की थोड़ी है.”

आणि मग जी धमाल उडाली! फळ्यावरचा जुना बेत पुसला गेला. जिला हत्यार लागतं ती भाजी बाद. बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या, शेंगा, दोडकी, भेंडी, हातानं तोडता येईल तेवढंच घ्यायचं. गावातल्या पिकअप सणाला उभ्या, पण प्रवासी बस तर धावणारच होती, आणि तिचं टप रिकामं. एक जण कंडक्टरशी बोलत होता, दुसरी गावच्या बायकांशी, तिसरा बसस्टँडवरून माल पुढे उरल्याला न्यायला रायपुरातल्या ऑटोवाल्यांशी. प्रत्येक फोन ‘हव, हव’ अशा छत्तीसगढी होकारानं संपत होता. माझ्या अंगात नुसतं वारं भरलं होतं. नाटकातला पूल कोणालाच आठवत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरांनी कार्यालयातली अवजारांची पेटीही धुऊन, टिळा लावून कोपऱ्यात मांडली. मग मी समितीला घेऊन उरल्याच्या कॅन्टीनमध्ये जाऊन बसले. प्रमुख बाई मोजकं बोलणाऱ्या, बरोबरचे दोघे त्याहून मोजकं. भात शिजला, डाळ उकळली, भाजीचा पत्ता नाही. आचारी माझ्याकडे बघे, मी फाटकाकडे. बाईंनी घड्याळ पाहिलं, तशी मी उठून फाटकापर्यंत जाऊन आले.

मग फाटकातून ऑटोंची रांगच आत शिरली. पुढच्या ऑटोला हरेलीची म्हणून कडुलिंबाची डहाळी, मागून दोडकी डोकावताहेत, आणि पोत्यावर बसलेली आमची मुलगी हात हलवतेय. मी चाळिशीची बाई, समितीसमोर उभी राहून टाळ्या पिटल्या. जेवणाची सुट्टी व्हायच्या आत कढईत फोडणी चरचरली.

परतल्यावर कार्यालयात चहा झाला, आणि पोरांनी समितीला हरेली, बस, ऑटो सगळं रंगवून सांगितलं. मुलीच्या काकीनं गावाहून गुळाचे चिले, म्हणजे आपली धिरडीच, पाठवले होते, ते समितीनं बोटं चाटत खाल्ले. मग प्रमुख बाईंनी विचारलं, “आज की यह रुकावट आपने सोच-समझकर रखी थी? बहुत बढ़िया चुनी.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं. माझी जीभ तर हो म्हणायला निघालीच होती.

“नहीं मैडम,” मुलगीच बोलली. “हमसे तारीख गलत पड़ गई थी. और त्योहार रुकावट नहीं होता. वह तो हर साल आता है. हमारे ही प्लान में उसकी जगह नहीं थी.”

मला वाटलं, संपलं. खरं बोलून पोरीनं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

बाईंनी हातातला चिला खाली ठेवला. “चिट्ठी बाद में आएगी,” त्या म्हणाल्या, “पर मेरी तरफ़ से हाँ है. क्लास बंद मत कीजिए.”

पुढचं मला धड आठवत नाही. पोरं नाचत होती, मी रडत होते, आणि सर गायब. थोड्या वेळानं ते खालच्या चहावाल्याकडून हिंदी पंचांग मागून धापा टाकत वर आले. आपल्या कॅलेंडरशेजारी ते आत्ताच्या आत्ता लागलं पाहिजे, म्हणून त्यांनी टिळा लावलेल्या पेटीतून हातोडी उचलली.

मुलीनं ती त्यांच्या हातातून अलगद काढून परत जागेवर ठेवली.

“हथौड़ी कल, सर. कल मैं आ रही हूँ ना.”