पॉप, फंक, जॅझ आणि फलाटताई

बसस्थानकावर रोज ये-जा करणाऱ्या साऱ्यांना फलाटताईंचा आवाज पाठ होता. चेहरा ओळखणारे मात्र दहा-बारा जण, आणि त्यांतले निम्मे नातेवाईक. एकोणीस वर्षं त्यांनी उद्घोषणेच्या खोलीत बसून कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली आहे ते सांगितलं, आणि प्रत्येक गोष्ट दोनदा सांगितली. त्यांचा नियम एकच होता. खोलीच्या काचेतून गाडी स्वतःच्या डोळ्यांनी दिसल्याशिवाय तिचं नाव घ्यायचं नाही. नियंत्रक खालून फोनवर ओरडायचा, "बाई, गाडी वळणावर आहे, सांगून टाका!" बाई शांतपणे म्हणायच्या, "वळणावरची गाडी वळणावरच्या लोकांना सांगा."

मग एका वर्षी स्थानकाच्या साहेबांनी त्यांना चार दिवस भिंतींना गाद्या लावलेल्या, ध्वनिमुद्रणाच्या एका खोलीत बसवून एक यादी वाचायला दिली. एक ते साठ आकडे, तास, मिनिटं, 'येत आहे', 'सुटत आहे', 'दिलगीर आहोत'. फलाटताईंना तो सन्मान वाटला. त्यांनी नवे कपडे घातले, घशाला जपून चार दिवस गार पाणी वर्ज्य केलं आणि 'दिलगीर आहोत' तर इतकं मनापासून म्हटलं की यंत्रावरच्या माणसाला भरून आलं. पाचव्या दिवशी साहेब म्हणाले, "आता तुम्ही यायची गरज नाही. तुम्ही आहातच."

तेव्हापासून त्या आहेतच. स्थानकासमोरून जाताना स्वतःचाच आवाज, आपण न केलेल्या उशिराबद्दल, आपल्याला न विचारता माफी मागताना त्यांना ऐकू येई. यंत्र कधी चुके, तर बाजारात लोक त्यांनाच धरत. "काय हो, काल चार नंबर म्हणालात आणि गाडी सातला लागली!" त्यावर काय बोलायचं? बाई पिशवी सावरून पुढे जात.

घरी यजमानांचं शिवणयंत्रं दुरुस्त करायचं दुकान, घराला लागूनच. सहा महिने बाई तिथं बसून सुया निवडत होत्या, तेव्हा दातांच्या दवाखान्याच्या वर दोन खोल्यांत चालणाऱ्या परिसर रेडिओच्या केंद्रप्रमुख बाई दुकानात आल्या. त्यांचा मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी तीनचा एक कार्यक्रम होता, 'नवी मंडळी'. नवे गायक, नवे बँड, पॉप, फंक, जॅझ. आधीचा निवेदक संगीतातला जाणकार होता. इतका जाणकार, की त्याचं बोलणं संपेपर्यंत गाण्याला दीड मिनिटच उरे. त्याला निरोप दिला होता, आणि त्याच्या जागी साऱ्यांच्या ओळखीचा हा आवाज हवा होता.

"पण मला यातलं काही कळत नाही," फलाटताई म्हणाल्या.

"तुम्हाला डिझेल इंजिनातलं कळत होतं?" केंद्रप्रमुख बाईंनी विचारलं.

या प्रश्नाला उत्तर नव्हतं, म्हणून नोकरी मिळाली.

रेडिओची कामाची पद्धत साधी होती. प्रत्येक मंडळीनं एक फॉर्म भरायचा. नाव, माणसं किती, कोण काय वाजवतं, आणि शेवटी तीन चौकोन: पॉप, फंक, जॅझ. एकावर खूण करायची. चौकोन तीनच का, तर कपाटाला कप्पे तीन होते म्हणून. पहिलाच फॉर्म आला त्यावर तिन्ही चौकोनांत खुणा होत्या आणि खाली लिहिलं होतं, 'वगैरे'.

फलाटताईंनी काचेपलीकडे बसणाऱ्या तंत्रज्ञाला विचारलं. हा चाळिशीचा, पोट सुटलेला, कानांवर सदैव हेडफोन असलेला सज्जन गृहस्थ. "अहो, हे जॅझ आहे हे कशावरून ओळखायचं?"

"वाजवताना डोळे मिटलेत ना, त्यावरून."

"मघाच्या पॉपवाल्यांनीही मिटले होते."

"ते फोटोसाठी."

"आणि फंक?"

तंत्रज्ञानं बराच विचार केला. "फंकमध्ये मान हलते."

बाईंनी पुढचा आठवडाभर माना पाहिल्या. सगळ्यांच्याच हलत होत्या. एकाची हलत नव्हती, तर त्याची मान आखडली होती असं निघालं.

शेवटी त्यांनी ठरवलं की जे दिसतं तेवढंच सांगायचं. ध्वनिफीत नुसती पाठवलेली चालणार नाही, मंडळींनी स्वतः यायला हवं. आणि मग दुपारी तीनला परिसरातल्या घराघरांत असा मजकूर ऐकू येऊ लागला: "मंडळींचं नाव 'ओला टॉवेल'. चौघे आहेत. चौघेही आत्ता माझ्यासमोर उभे आहेत. डावीकडचे दाढीवाले ड्रम वाजवतात, त्यांच्या बुटाची नाडी सुटलेली आहे. फॉर्मवर फंक लिहिलं आहे. मी दोनदा ऐकलं, मला तसं वाटलं नाही. पण नाही असंही वाटलं नाही. तुम्हाला कळलं तर कळवा." त्यानंतर, सवयीनं, हे सगळं पुन्हा एकदा.

लोकांनी कळवलं. हात धुऊन मागे लागल्यासारखं कळवलं. एक निवृत्त परीक्षक रोज फोन करून 'ओला टॉवेल' पॉपच आहे असं बजावत. एका गृहिणीनं सांगितलं की तिच्या भावाच्या मते ते जॅझ आहे, पण भावाचं कधीच काही बरोबर नसतं, तेव्हा ते जॅझ नक्कीच नसावं. खाली दवाखान्यात तोंड उघडून बसलेल्यांनाही मत होतं, पण सांगता येत नव्हतं. कार्यक्रम जाणकाराच्या काळात कोणी ऐकत नव्हतं. आता अडाणी बाईंना शिकवण्यासाठी सगळे ऐकत होते. मंडळींना त्यातून बोलावणी येऊ लागली. 'ओला टॉवेल'ला तर एका लग्नाचं आलं, आणि तिथं ते वाजवत असताना वऱ्हाडी दोन गटांत भांडले, असं कळलं.

फलाटताईंचा गोंधळ मात्र तसूभरही कमी झाला नव्हता. उलट त्या घरी कागद आणि मंडळींची ध्वनिमुद्रणं घेऊन बसत. यजमान मशीनला तेल घालता घालता ऐकत.

"अहो, हे ऐका. काय वाटतं?"

यजमानांनी कान दिला. आवाजावरून मशीनचं दुखणं सांगणारा माणूस. "टाका सुटतोय."

"म्हणजे चुकतंय?"

"नाही गं. मुद्दाम सोडलाय. बघ, प्रत्येक वेळी तिथंच सुटतो, आणि म्हणून पुढचा असा घट्ट बसतो. हा जो जाड तारांची गिटार वाजवतोय ना, कारागीर आहे."

"पण हे आहे काय?"

"ते मला काय माहीत? मी मशीनवाला."

अशात एका सोमवारी केंद्रप्रमुख बाईंनी त्यांना बोलावलं. त्या आनंदात होत्या. रेडिओ आता दिवसभर नवी मंडळी वाजवणार होता. आणि प्रत्येकाची ओळख फलाटताईंच्याच आवाजात. "तुम्ही फक्त एकदा साठ शब्द वाचायचे. पुढचं संगणक जुळवून घेईल. दिवसभर तुम्हीच तुम्ही!"

टेबलावर यादी होती. 'दोघे, तिघे, चौघे. नवोदित. उत्साही. पॉप. फंक. जॅझ.'

"आणि मंगळवारी-शुक्रवारी?" फलाटताईंनी विचारलं.

"कशाला तेवढा जिना चढायचा?" केंद्रप्रमुख बाई प्रेमानं म्हणाल्या. "तुम्हाला नको असेल तर सक्ती नाही. दुसरा आवाज बघू. मग कार्यक्रम त्या आवाजात."

म्हणजे वाचलं तरी जायचं आणि नाही वाचलं तरी जायचं. आगीतून फुफाट्यात जाण्यात निदान बदल असतो. इथं तोही नव्हता.

यजमानांनी तोडगा सुचवला. "मुद्दाम वाईट वाच."

"तुम्हाला मुद्दाम वाकडी शिवण घालता येईल?"

यजमानांनी तेलाची बाटली खाली ठेवली. म्हणाले, "मग नीट वाच, आणि ये परत. सुया पडल्यात ढीगभर."

"सुया नकोत मला," फलाटताई म्हणाल्या, आणि आपण हे इतक्या मोठ्यानं म्हणालो याचं त्यांनाच नवल वाटलं. "तिथं मला काही म्हणजे काही कळत नाही हो. पण मंगळवार कधी येतो असं होतं."

पण नाही म्हणूनही काही सुटणार नव्हतं, म्हणून गुरुवारी सकाळी त्या माइकसमोर बसल्या. दोघे, तिघे, चौघे अगदी सुतासारखे सरळ गेले. 'नवोदित' झालं, 'उत्साही' झालं. मग त्या म्हणाल्या, "पॉप."

तंत्रज्ञानं हात वर केला. "शेवटी प्रश्नचिन्ह येतंय."

"मी लावलं नाही."

"पुन्हा."

"पॉप."

"आता तर जास्तच आलं."

'फंक' असा आला, की अनोळखी घराचं दार ठोठावून आत कोणी आहे का विचारावं. 'जॅझ'ची तऱ्हा त्याहून वाईट. शब्द संपायच्या आतच त्यांनी मागे घेतल्यासारखा वाटे. एकेचाळीस वेळा झालं. बाई मनापासून प्रयत्न करत होत्या, हे काचेतून दिसत होतं. कपाळ घामानं भिजलं होतं. शेवटी केंद्रप्रमुख बाई आल्या.

"अहो, नुसता शब्द आहे. त्यात कळायचंय काय?"

"सात म्हणताना मला सात नंबर दिसायचा," फलाटताई म्हणाल्या. "इथं जॅझ म्हणते आणि समोर काहीच येत नाही. दिसत नसलेलं ठामपणे कसं सांगू?"

"मग दाखवू या तुम्हाला जॅझ!" केंद्रप्रमुख बाईंनी तंत्रज्ञाला जॅझच्या कप्प्यातलं काहीतरी लावायला सांगितलं. त्यानं लावलं. दोन मिनिटं सगळ्यांनी ऐकलं.

"हे जॅझ नाही," केंद्रप्रमुख बाई म्हणाल्या.

"जॅझच्या कप्प्यातलं आहे," तंत्रज्ञ म्हणाला.

"कप्प्यात तर तुमचा डबाही असतो!"

त्यावर तंत्रज्ञानं हेडफोन काढले. हे त्यानं यापूर्वी कोणासाठी केलं नव्हतं. पाऊण तास वाद झाला, आणि दोघांच्याही मते असं निघालं की जॅझ नेमकं कशाला म्हणतात हे समोरच्याला मुळीच ठाऊक नाही. फलाटताई दोघांकडे आळीपाळीनं पाहत राहिल्या. त्यांना वाटे, हिचं बरोबर आहे. मग वाटे, त्याचंही.

"असं करू," केंद्रप्रमुख बाई थकून म्हणाल्या. "तुम्हाला एकदा कळलं, की घेऊ हे तीन शब्द. तोवर चालू द्या."

अशा रीतीनं फलाटताईंची नोकरी त्यांना न कळण्यावर उभी राहिली. जगात पुष्कळांची असते, पण इतक्या स्पष्ट शब्दांत कोणी सांगत नाही. बाईंची पंचाईत अशी, की त्या प्रामाणिकपणे समजून घ्यायचा प्रयत्न करत होत्या. आणि समजलं तर संपलं, हे त्यांना माहीत होतं.

तीन आठवड्यांनी 'उद्या नक्की' नावाची मंडळी आली. तिघे. जाड तारांची गिटार वाजवणारा कपड्यांना इस्त्री करायचा, ड्रमवर भूमितीचा शिक्षक, आणि ट्रम्पेट एका परिचारिकेच्या हातात. ती कामावरून तशीच आली होती. फॉर्मवरचे तिन्ही चौकोन कोरे.

वाजायला लागलं. इस्त्रीवाल्यानं एक सूर धरला, दुसरा धरला, तिसऱ्याच्या जागी काहीच वाजवलं नाही. पुन्हा तिथंच नाही. पुन्हा नाही. शिक्षकाचा ठोका त्या रिकाम्या जागेच्या काठावर पडत होता. टाका सोडलाय, बाईंच्या मनात आलं. मुद्दाम. आणि त्यांचं पाऊल, विचारल्याशिवाय, जमिनीवर आपटू लागलं. गाणं संपलं तेव्हा माइक चालू होता.

"हे फंक आहे," फलाटताई म्हणाल्या. "हे फंक आहे."

कुठेही प्रश्नचिन्ह नव्हतं. काचेपलीकडे तंत्रज्ञानं झटकन मान वर केली. त्या भल्या माणसाला इतका आनंद झाला, की त्यानं कागदावर मोठ्या अक्षरांत 'स्वच्छ!' लिहून काचेला लावलं. एक शब्द गेला. बाईंनी तो कागद वाचला. आता उरले दोन. खोटं बोलून परत घेता आलं असतं: 'म्हणजे, असं मला वाटतं'. पण पाऊल अजून हलत होतं. त्यांनी परत घेतलं नाही.

दुसरं गाणं सुरू झालं. तेच ठोके, तोच सोडलेला टाका. मग मध्येच परिचारिकेनं ट्रम्पेट वर केला आणि ती भलतीकडेच निघाली. इस्त्रीवाला तिच्याकडे बघत थांबला. शिक्षक काठीऐवजी बोटांनी वाजवू लागला. ठोका विस्कटला, पुन्हा दुसऱ्याच आकारात जमला. परिचारिकेचे डोळे मिटलेले होते, मान स्थिर होती, आणि गाल ओले होते. संपलं ते संपल्यासारखं वाटलंच नाही.

माइकवरचा लाल दिवा लागला. काचेपलीकडे तंत्रज्ञ नवा कोरा कागद घेऊन तयारच होता.

"आणि हे..." फलाटताई म्हणाल्या. थांबल्या. त्यांनी परिचारिकेकडे पाहिलं. "बाई, हे काय होतं?"

"मला नाही माहीत," परिचारिका धापा टाकत म्हणाली. "आम्ही असं बसवलं नव्हतं."

"मलाही नाही," शिक्षक म्हणाला. इस्त्रीवाल्यानं नुसतेच खांदे उडवले.

"यांनाही माहीत नाही," फलाटताईंनी श्रोत्यांना सांगितलं. "आणि मघाशी मी फंक म्हणाले, तेही आता..." त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. अख्खा परिसर तीन-चार सेकंद त्यांच्याबरोबर थांबला. "नाही, ते होतं. पण मग हे त्यातूनच कसं निघालं? यांनाही माहीत नाही."

तंत्रज्ञानं कोरा कागद खाली ठेवला. फोन वाजू लागला. पहिले निवृत्त परीक्षक होते. त्यांच्या मते पहिलं फंक नव्हतंच. त्यांच्या मागोमाग ती गृहिणी होती, आणि या वेळी तिनं भावालाच फोनवर आणलं होतं. जिन्यात केंद्रप्रमुख बाईंची पावलं वाजली. त्या दारात उभ्या राहिल्या.

"एक शब्द तरी मिळाला ना?" त्यांनी विचारलं.

"मिळाला होता," तंत्रज्ञ म्हणाला. "आता फोनवाले म्हणतात चूक आहे. वापरायचा का?"

केंद्रप्रमुख बाईंनी फलाटताईंकडे पाहिलं. फलाटताईंच्या चेहऱ्यावर इतका निखळ, बिनतोड गोंधळ होता, की केंद्रप्रमुख बाईंनी शब्दाचा विषय तिथंच सोडला. खुर्ची ओढून बसल्या.

"तुम्ही पुन्हा वाजवा ना ते," फलाटताई परिचारिकेला म्हणाल्या. "मघासारखंच."

"मघासारखं नाही येणार," परिचारिका म्हणाली.

"मग जसं येईल तसं."