नर्सच्या पोशाखावर चिकटवलेला चेहरा

तेलुगू मुलखातल्या बाजारहत्नूरच्या पुढच्या एका खेड्यात मी मराठी शाळेत शिकवत होते. नव्वद सालानंतरची गोष्ट. नोकरीचं दुसरंच वर्ष, त्यामुळे अंगात उत्साह फार. आठवीच्या मुलांना मी सांगितलं, "मोठं होऊन कोण व्हायचं, त्याचं चित्र करा. मासिकातलं अंग कापायचं आणि त्यावर आपल्या फोटोतलं तोंड चिकटवायचं."

किराणा दुकानातून जुनी मासिकं मागून आणली, घरून मैद्याची खळ करून नेली. फोटो मात्र पाचसहा जणांकडेच निघाले. बाकीच्यांनी तोंडं पेन्सिलीनं काढली.

कापूसवाल्या शेतकऱ्याची एक मुलगी, वर्गात कधी फारसं न बोलणारी, चांगला मोठा फोटो घेऊन आली. साडी, गजरा, शेजारी स्टुलावर प्लास्टिकची फुलं.

"एवढा छान फोटो कापतेस? घरी विचारलंस ना?"

"हो बाई."

मी कात्री दिली. तिनं कानाच्या कडेकडेनं चेहरा कापला आणि पांढऱ्या कपड्यातल्या नर्सच्या अंगावर लावला. अंगाच्या मानानं तोंड मोठं झालं. सगळे हसले, तीही हसली. सगळ्यांची चित्रं एका तक्त्यावर लावून तो मी भिंतीवर टांगला.

तिसऱ्या दिवशी तिचे वडील आले. चपला काढून वर्गाच्या दाराशी उभे राहिले.

"बाई, पोरीचा फोटो तुमच्यापाशी हाये मनते. द्या बरं. पाव्हण्यायले पाठवाचा हाये."

मी तक्त्याकडे बोट दाखवलं. ते बघतच राहिले. मग वळून मुलीला म्हणाले, "काऊन कापला वं?"

ती खाली बघत म्हणाली, "फोटोच नाई राह्यला तं काय पाठवसान?"

ते चिडले असते तर मलाही काही बोलता आलं असतं. पण ते हात जोडून म्हणाले, "बाई, आता दुसरा काढा लागते. पोरगी माह्यं आयकत नाई, तुमचं आयकते. तुमी या संगं."

"ती अजून लहान आहे हो," एवढंच मी म्हणू शकले.

"हिची माय याच वयात आली माह्या घरी," ते साधेपणानं म्हणाले.

मी हेडमास्तरांकडे गेले. ते तेलुगू माणूस. फाइलमधून मान वर न करता म्हणाले, "मनकेंदुकम्मा?" आपल्याला काय करायचंय? दुसरं कोणाला विचारावं, हे मला सुचलं नाही.

रविवारी मी गुडीहत्नूरच्या स्टुडिओत गेले. बाग रंगवलेल्या पडद्यापुढे ती बसली होती, मान खाली. फोटोवाल्यानं तीनदा हिंदीतून सांगून पाहिलं. वडिलांनी माझ्याकडे बघितलं.

"बाळा, वर बघ," मी म्हणाले.

तिनं लगेच वर बघितलं. कॅमेऱ्याकडे नाही, माझ्याकडे. फोटोवाल्यानं तेवढ्यात बटण दाबलं.

परीक्षेपर्यंत ती शाळेत येत राहिली. माझ्याशी पूर्वीसारखंच बोलायची, त्यानं मला जास्तच त्रास व्हायचा. उन्हाळ्यात लग्न झालं. मी गेले. मला पहिल्याच पंगतीत बसवलं. तिचे वडील स्वतः वाढायला आले आणि शेजारच्या पाव्हण्यांना कौतुकानं म्हणाले, "बाईमुळंच जमलं पाहा."

पाव्हण्यांनी मला नमस्कार केला. मीही केला.