पांढऱ्या फरशीला काळी कड

तांदूळ अर्धे निवडून झाले होते. निवडलेले ताटाच्या एका बाजूला, राहिलेले दुसऱ्या बाजूला आणि मध्ये बोटभर मोकळी जागा. आत्याचं ताट असंच असायचं. तेवढ्यात भाचेसून दोन फरशा छातीशी धरून आली आणि तिनं त्या खिडकीला टेकवून उभ्या केल्या.

"आत्या, शेवटचं विचारते हं. ही की ही? फरशीवाला बाहेर थांबलाय."

आत्या गुडघ्यावर हात ठेवून उठली, खिडकीशी गेली. एक फरशी पांढरी होती. दुसरीही पांढरीच. भाचेसुनेच्या मते एक दुधासारखी होती आणि दुसरी सायीसारखी. आत्यानं दोन्हींवरून अंगठा फिरवला, कापडाचा पोत बघावा तसा.

"दोन्ही नकोत. पांढरं म्हणजे दवाखाना."

बाहेरून भाचा हसला. "आत्या, जन्मभर त्या मरून रंगाच्या फरशीवर उभं राहून दात घासले मी. डोळे मिटले तरी मरूनच दिसतं."

"मग मिटू नकोस."

"अहो, नक्षी आज छान दिसते, चार वर्षांनी तिच्याकडे बघवत नाही," भाचेसून समजुतीनं म्हणाली. "साधं पांढरं, साधे नळ. कधी जुनं व्हायचंच नाही. तुमच्यानंतरही असंच दिसेल."

"माझ्यानंतरचं मला काय करायचंय? मला आत्ता अंघोळ करायचीय."

सगळे हसले. आत्याही हसली. पण ती गंमत करत नव्हती, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

न्हाणीघर मोडायला तर हवंच होतं. घर दुसऱ्या मजल्यावर, न्हाणीघर एवढंसं, दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं दारातूनच नमस्कार करावा. फरशी जागोजागी तडकलेली, नळाला कापडाची पट्टी बांधलेली, आणि खालच्या मजल्यावरच्या काकांच्या छताला ओलीचा मोठा डाग. काका जिन्यात भेटले की आधी वर बघत आणि मग नमस्कार करत. तेव्हा मोडण्याबद्दल आत्याची तक्रार नव्हती. तक्रार रंगाची होती, आणि तिचं खरं कारण तोंडातून काढायची सोय नव्हती.

आत्याला दिसेनासं होत चाललं होतं.

गल्लीतली लहानथोर सगळीच तिला आत्या म्हणत. नवरा ऐन तारुण्यात गेला तेव्हा ती भावाच्या घरी आली, ती शिवणयंत्र बरोबर घेऊनच. पुढची सगळी वर्षं त्या यंत्रावर गणवेश शिवले, उशांचे अभ्रे शिवले, लोकांच्या विजारी आखूड केल्या आणि वाढत्या मुलांच्या परत लांब केल्या. भावाच्या घरात आयतं बसून खाल्लं असा एक दिवस तिनं जाऊ दिला नाही. भाऊ-भावजय गेल्यावर भाच्याचं शिक्षण आणि लग्न तिनंच उभं राहून केलं. तिच्या हाताखालून तांदळातला खडा सुटत नाही आणि शिवणीतला टाका उसवत नाही, हे घरात सगळे बोलून दाखवत. तिलाही ते ऐकायला आवडे.

मग डोळ्यांपुढे धुकं आलं. आधी सुईचं नेढं गेलं, मग छापील अक्षरं, मग जिन्यात समोरून येणाऱ्या माणसाचं तोंड. "हात कापतो गं आता," असं सांगून तिनं यंत्र शेजारच्या गल्लीतल्या एका शिकाऊ मुलीला देऊन टाकलं. खरं तर हात कापत नव्हता. पण हाताचं सांगितलं तर माणसं हळहळतात. डोळ्यांचं सांगितलं की हात धरायला येतात. आपल्या आईला शेवटी शेवटी तिनंच अंघोळ घातली होती. पाणी अंगावर पडलं की आई डोळे घट्ट मिटून घ्यायची. आपण मिटले म्हणजे दुसऱ्यालाही दिसत नाही, असं त्या म्हातारीला वाटत असावं. आत्या ते विसरली नव्हती. शिवण गेलं, वाचन गेलं, त्याचं तिला एवढं नव्हतं. पण कडी लावून, देवाचं नाव घेत, एकटीनं करायची अंघोळ जाऊ नये, एवढंच ती देवाजवळ रोज मागे.

जुन्या न्हाणीघरात तिचं निभत होतं. खाली मरून जमीन, तिच्यावर कमोडचं पांढरं भांडं, पिवळी बादली, भोवती हिरव्या भिंती. दिसायला अगदी बेंगरूळ. पण रंग एकमेकांशी भांडत असत, आणि त्या भांडणात तिला वाट सापडे. पहिला मग खांद्यावर घेताना ती मोठ्यानं देवाचं नाव घ्यायला लागे, ते कडी काढेपर्यंत. घरातल्यांना तेवढ्यावरून कळे, आत्या ठीक आहे.

शेवटी पांढरीच फरशी ठरली. फरशीवाल्यानं काम चोख केलं. फरशीचे सांधेसुद्धा पांढऱ्यानं भरले. भांडं पांढरं, त्यावरचं झाकण पांढरं, शॉवरपाशी पाणी अडवायला बोटभर उंच काठ घातला तोही पांढरा. येणारा-जाणारा आत डोकावून म्हणे, "वा, किती प्रशस्त वाटतंय!"

आत्यानं पहिल्या दिवशी कडी लावली, मागे वळली, आणि तिला काहीच दिसलं नाही. अंधार असता तर ती चाचपत गेली असती. हा उजेड होता. खालून, वरून, चहूकडून सारखाच. जमीन कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते, ते कळेना. देवाचं नाव घेत तिनं पाऊल पुढे टाकलं, अंगठा काठाला अडकला आणि ती होती तिथे बसली. हातातला मग भांड्यावर आपटून गडगडत गेला. तोंडातलं नाव अर्ध्यावरच राहिलं.

"आत्या! पडलात?" भाचेसून दाराशी धावली.

"मग पडला, मग! त्याचीही चौकशी करतेस का?"

देवाची कृपा, मुक्या मारावर निभावलं. बसल्या बसल्या नळ चाचपून तिनं कसंबसं अंग धुतलं. त्यानंतर रोज काही ना काही निघे. आज गुडघा धरलाय, आज गारठा आहे, आज नुसतं अंग पुसते. न्हाणीघरातून देवाचं नाव ऐकू येईनासं झालं.

"फरशीवर इतका रुसवा?" भाचा वैतागून बायकोला म्हणाला. "हिला नवीन काही खपतच नाही."

आत्यानं ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. हट्टी म्हणू देत. हट्टी माणसाला कुणी हाताला धरून अंघोळीला नेत नाही.

पण असं किती दिवस चालणार? एका दुपारी तांदळाचं ताट स्वयंपाकघरात देऊन ती खोलीत येऊन पडली, आणि लगेच पाणी प्यायला परत गेली. ओट्याशी ताटात तांदूळ सरकवल्याचा आवाज येत होता. थोडे सरकवायचे, थांबायचं, काहीतरी उचलायचं, पुन्हा सरकवायचे. जन्मभर केलेल्या कामाचा आवाज; तो ओळखायला डोळे कशाला लागतात!

"निवडलेत मी ते," आत्या दारातून म्हणाली.

आवाज थांबला. भाचेसुनेनं ताट बाजूला सारलं.

"कधीपासून?"

"झाले की बरेच महिने," भाचेसून हळूच म्हणाली. "यांच्या दाताखाली मोठा खडा आला होता ना, तेव्हापासून. तुमच्या जिवाला लागेल म्हणून बोलले नाही."

आत्या स्टुलावर बसली. "म्हणजे तुला ठाऊक होतं."

"थोडं थोडं. म्हणून तर सगळं पांढरं घेतलं, आत्या. मरून रंगानं आत किती काळोख वाटायचा! म्हटलं, पांढरं केलं की लख्ख उजेड पडेल, तुम्हाला नीट दिसेल."

आत्यानं कपाळावर हात मारून घेतला आणि तिला हसू फुटलं, ते आवरेना. भाचेसुनेला कळेना, हसावं की रडावं.

"अगं वेडाबाई! मला दिसावं म्हणून केलंस, आणि मला काय दिसेनासं झालं ते मी तुला सांगेना. चांगल्या दोघी भेटलो की! आता सांग, पांढऱ्या कापडावर कच्चा टाका कोणत्या दोऱ्यानं घालतात?"

"मला काय माहीत? मी बटण लावते तेही वाकडं."

"काळ्या. नाहीतर निळ्या. पांढऱ्यावर पांढरा घातला की शिवायच्या वेळी तो सापडत नाही, मग मापच चुकतं. तुझं न्हाणीघर तसं झालंय. कापड सुरेख आहे गं. टाका दिसत नाही."

संध्याकाळी भाच्याला सगळं सांगितलं, पडल्याचंही. तो नको तेच बोलला. "पडलीस आणि बोलली नाहीस? आता एकटीनं अंघोळ नाही. ही आत येऊन उभी राहील."

"ही आत आली तर मी बाहेर येईन," आत्या म्हणाली. "तशीच. खालच्या काकांना छताकडे बघायचं कारण उरणार नाही."

"आत्या!"

"आत्या काय? तुझं पहिलं पाऊल जमिनीवर पडलं तेव्हा मी हात सोडला होता, धरला नव्हता. एकदा बघू तर दे."

भाच्यानं वायरीला गुंडाळायची काळी चिकटपट्टी आणली. आत्या न्हाणीघराच्या दारात स्टूल टाकून बसली आणि फर्मान सोडू लागली. त्या अडथळ्याच्या काठावरून एक. जमीन आणि भिंत मिळतात तिथून सगळीकडे एक. नळाच्या दांड्याला दोन वेढे. भांड्याचं झाकण काळं आणायचं, तोवर त्याच्या कडेला पट्टी. भाचा ओणवा होऊन चिकटवत होता आणि भाचेसून "वाकडं गेलं, वाकडं गेलं" म्हणत होती.

"असू दे वाकडं. कच्चा टाकाच आहे तो," आत्या म्हणाली.

सकाळी ती आत गेली. पांढऱ्या धुक्यात एक काळी रेघ उमटली होती, तिच्यापलीकडे दुसरी. तिनं पायानं पहिली रेघ चाचपली, ओलांडली. काठ तिथेच होता, जिथे दिसत होता. कडी लावायची नाही, दार नुसतं लोटायचं, एवढी भाच्याची अट तिनं मान्य केली होती, आणि डोळे दाखवायचीही. बाहेर नवराबायको कामं करत असल्याचं दाखवत, कान देऊन उभी होती. नळ सुटला. पाण्याचा मग भरला, ओतला. आणि मग देवाचं नाव सुरू झालं, मोठ्यानं, न अडखळता. भाचेसुनेनं जागेवरूनच हात जोडले.

आत्या अंघोळ करून आली, देवापुढे दिवा लावला, केस विंचरले. "पट्टीच्या जागी आता पक्की फरशी बसवायची," ती म्हणाली. "बारीक, काळपट, एकाच रंगाची. नक्षी नको, नाहीतर तुझं ते कधी जुनं न होणारं बिघडेल. आणि रंग मी निवडणार. तुझी निवड बघितली."

"बघितली?" भाचेसून म्हणाली. "दिसलीच कुठे तुम्हाला!"

दोघी खो खो हसल्या. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ संध्याकाळची होती. त्याआधी फरशीच्या दुकानात जाऊन काळी पट्टी पसंत करायची होती. आत्यानं पिशवी घेतली आणि चपला पायात सरकवल्या.