सत्यवतीचं नाताळचं ताट

यंदा नाताळात मी सत्यवतीला ताट दिलं नाही. आधीच सांगून टाकते, नाहीतर मध्येच स्वतःची बाजू सावरत बसेन. बत्तीस वर्षं शाळेत पोरांच्या सबबी ऐकल्यात, त्यामुळे मलाही त्या छान जमतात.

सत्यवती आमची शेजारीण, मासे विकते. तिच्या तोंडाला लागायची बाजारात कुणाची छाती नाही. एका पर्यटकाने बांगडा शिळा आहे का विचारलं, तर म्हणाली, "तुज्यापेक्षा ताजो आसा. तू रातभर गाडयेत शिजान इलस!" नवरा गेला तेव्हा किरण चार वर्षांचा. डोक्यावर टोपली आणि कडेवर पोर घेऊन तिने त्याला वाढवलं. मुळाक्षरं मी शिकवली. आता तो मालवाहू जहाजावर असतो.

डिसेंबरात त्याच्या जहाजाच्या वाटेवर हल्ले सुरू झाले. टीव्हीवर सारखी जळणारी जहाजं. अकरा दिवस किरणचा फोन नाही, आणि कंपनी म्हणे, संपर्क होत नाही. ही बाई मात्र रोज बाजारात! वर त्याच्या मोबाइलवर रोज एक फोटो धाडायची. टोपलीत झोपलेलं मांजर, गाबोळीने, अंड्यांनी फुगलेला बांगडा, आमच्या दारातला कागदी तारा. "तो बघतलो तेवा हसतलो," मला म्हणायची. फोटोखाली एकच बारीक खूण. पोचल्याची दुसरी खूण उमटायचीच नाही. मी मान वळवायचे.

आमच्याकडे नाताळच्या दिवशी नेवऱ्या, दोदोल घालून शेजाऱ्यांना ताटं जातात. दुखवट्याच्या घरी मात्र गोड पाठवत नाहीत. हिंदूंचं काय, ख्रिस्तींचं काय, वाडीत सगळे हा नियम पाळतात. मी सात ताटं भरली आणि आठवं फळीवर परत ठेवलं.

"सत्यवतीचा?" माझ्या नवऱ्याने, डॉमिंगोने विचारलं.

"तुमका काय कळता? त्या घरात गोड धाडू?" मी खेकसले.

संध्याकाळी ती स्वतःच आली. धुतलेलं लुगडं, केसांत अबोली.

"बाई, माजा ताट खंय?"

"अगो, ह्या असल्या दिवसांत..." मी चाचरले.

बांगड्यावरून बाजार डोक्यावर घेणारी बाई, पण आवाज जराही चढला नाही तिचा. "वाडी कुजबुजता, टीव्हीवालो बडबडता. त्यांचा मी काय मनावर घेवक नाय. पण बाई, माज्या किरणाक तुमी मारलात."

देवा! त्याच सकाळी चर्चमध्ये मिसेत मी किरणसाठी गुडघे टेकले होते. देवाला एक सांगितलं आणि घरी येऊन शेजारणीला दुसरंच. लाज वाटली, अजून वाटते. काळजीपोटी केलं म्हणावं, तर तेही खरं नाही. तिची आशा मला बघवत नव्हती, एवढंच.

मी धावत आत जाऊन ताट भरलं. घाईत साखर ओट्यावर सांडली. तिच्यापुढे धरलं, तर तिने हात मागे घेतले.

"माका दारात येवन मागूक लावतास? दर वर्सा घराक येता ता."

एवढं बोलून ती गेली. मी ताट घेऊन तिच्या मागून निघाले. वरचा रुमालही घातला नाही, दिसू दे म्हटलं वाडीला. तिच्या दारापुढच्या खळ्यात चार बायका पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. त्यांच्या देखत दरवर्षी म्हणते तेच म्हणाले, "किरण इलो की त्याका दी हां." आवाज बारीकच निघाला. सत्यवती उंबऱ्यावर तशीच उभी. मग पुन्हा म्हणाले, मोठ्याने. तेव्हा तिने ताट घेतलं. माफ केलंस का, हे विचारायचं माझं धाडस झालं नाही.

आज वीस जानेवारी. फोन नाही. सकाळी पाणी भरताना तिने विचारलं, "बाई, दोदोल किती दिस टिकता गो? मी त्याचो वाटो ठेवलंय."

"म्हयनोभर," मी म्हणाले. तिचा चेहरा पडला. मनात दिवस मोजत असणार.

"मगे मी नवो करतलंय," मी म्हटलं. "तो येयपर्यंत करत ऱ्हवतलंय."