अख्खं काढा न् नवं भरा

"जोडकाम नको मॅडम. अख्खं काढा न् नवं भरा."

सलीमभाईंनी हे खुर्चीत आडवं पडून, तोंडातला माझा आरसा हाताने बाजूला सारून सांगितलं. पेशंटने आरशाला हात लावला की माझं डोकं फिरतं. पण सलीमभाई माझे जुने पेशंट, शिवाय पिंपळगाव बसवंतहून नाशिकला यायचं म्हणजे त्यांचं दुकान अर्धा दिवस बंद. म्हणून मी ते चालवून घेतलं.

त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळाली की तिच्या पोटातली तांब्याची जळकी वायर काढून नवी गुंडाळायची, हे त्यांचं काम. द्राक्षाच्या हंगामात त्यांना जेवायला फुरसत नसते.

उजवीकडच्या खालच्या दाढेतल्या फिलिंगचा कोपरा उडाला होता. टवका तांदळाच्या दाण्याएवढा. कारण विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं.

"परत दातांनी वायर सोलली ना?"

"एकदाच. हात मोकळा नव्हता."

दातांच्या दवाखान्यात 'एकदाच' या शब्दावर कुणी विश्वास ठेवत नाही.

मी एक्स-रे काढला. एक्स-रेत कीड काळी दिसते. इथे फिलिंगखाली काळं काही नव्हतं. टोकदार प्रोब कडेकडेने फिरवून पाहिला, कुठे अडकला नाही. दुखत नव्हतं, गार पाण्याने ठणकत नव्हतं. म्हणजे फिलिंग जागच्या जागी घट्ट होतं, फक्त एक कोपरा गेला होता. अशा वेळी तेवढाच भाग खरवडून नवीन मटेरियल जोडायचं. आम्ही त्याला रिपेअर म्हणतो. हे सांगितल्याबरोबर सलीमभाईंनी आरसा बाजूला केला होता.

"मी दुकानात जोड देतच नाय," ते म्हणाले. "एक कॉइल जळाली न् तेवढीच बदलली, तर मोटार आठ दिवसांत परत येती. गिऱ्हाईक शिव्या घालतं. म्हणून आपलं काम लय सरळ. अख्खं वाइंडिंग काढायचं, नवं भरायचं."

माणूस चुकीचं बोलत नव्हता. तो मोटारीबद्दल बोलत होता. आणि खरं सांगायचं तर माझाही पूर्वी हाच खाक्या होता. कॉलेजात आम्हाला तसंच शिकवलं होतं. फिलिंग बिघडलं की काढा.

"सलीमभाई, हिच्या शेजारची दाढ कशाने गेली, आठवतं?"

"इसरंल का? खारे दाणे खाताना तडकली."

"दाण्यांनी नाही. ती मी घालवली."

ते उठून बसले. मी ग्लोव्ह्ज काढले. हे त्यांना सांगायचं कित्येक वर्षं राहून गेलं होतं.

त्या दाढेतलं फिलिंग दोनदा उडालं होतं. दोन्ही वेळा टवका लहानच. दोन्ही वेळा मी अख्खं फिलिंग काढून नवीन भरलं. आता हे फिलिंग दाताच्या रंगाचं असतं. ड्रिल फिरत असताना फिलिंग कुठे संपलं आणि दात कुठे सुरू झाला, ते नीट दिसत नाही. जुनं काही मागे राहू नये म्हणून चांगल्या दाताचाही थोडा थर जातो. भोक मोठं होतं, भिंती पातळ होतात. दुसऱ्या वेळेनंतर त्या दाढेच्या भिंतीत दम उरला नव्हता. दाणे केवळ निमित्त झाले. दाढ मुळापर्यंत उभी चिरली आणि काढावी लागली. तेव्हा लाज वाटली म्हणून मीही दाण्यांचंच नाव पुढे केलं होतं.

सलीमभाईंनी पाय खुर्चीखाली सोडले. आता हे चप्पल घालून निघणार, असं मला वाटलं.

मग म्हणाले, "मॅडम, जुनी वायर निघत नाय ना, तवा आम्ही मोटार भाजतो. वायर ज्या लोखंडाच्या पत्र्यांत बसती, त्याला स्टॅम्पिंग म्हणतात. दोन-चारदा जास्त भाजली की स्टॅम्पिंग खलास. मग सोन्याची वायर भरा, मोटार गरमच होणार." मग त्यांनी विचारलं, "म्हंजे तुम्ही माझं स्टॅम्पिंग जाळलं?"

"हो."

"आणि हिचं?"

"हिचं अजून शाबूत आहे. पण आज अख्खं काढलं तर भिंती पातळ होतील. पुढच्या खेपेला नस उघडी पडेल. मग रूट कॅनल, त्यावर कॅप, आणि तेही भिंत उरली तर. उजवीकडे खाली चावायला तुमच्याकडे ही एकच दाढ आहे."

ते परत आडवे झाले. "करा जोड," म्हणाले. यावेळी त्यांनी दोन्ही हात पोटावर ठेवले.

काम वीस मिनिटांचं. इंजेक्शनही लागलं नाही. तुटलेली कड खरखरीत केली, जेल लावून धुतली, चिकटवायचा बाँड लावला, मटेरियल बसवलं, निळ्या लाइटने कडक केलं. कार्बन पेपर चावायला देऊन उंची तपासली. जाताना त्यांना दोन गोष्टी बजावल्या. एक, हे जोडकामही कधीतरी उडेल, तेव्हा पुन्हा तेवढंच जोडू. दोन, कधी खाली कीड लागली किंवा फिलिंग सैल झालं, तर मात्र तेव्हा अख्खंच काढावं लागेल. वायर सोलण्याबद्दल तिसरी गोष्टही सांगितली, पण ती ऐकायला ते थांबले नाहीत.

अडीच वर्षांनी ते परत आले. यावेळी दुसरा कोपरा.

"एकदाच?" मी विचारलं.

ते हसले आणि खुर्चीत आडवे झाले. "जोड द्या. स्टॅम्पिंगला हात लावू नका."

एक्स-रे स्वच्छ होता. मी जोड दिला. दाढेच्या भिंती आधी होत्या तेवढ्याच जाड आहेत, आणि सलीमभाई उजवीकडून भाकरी चावतात.

पेशंट मला नेहमी विचारतात, फिलिंग किती वर्षं टिकेल? दात किती टिकेल, हे कुणी विचारत नाही. सलीमभाईंची ती शेजारची दाढ काढल्यावर मी ट्रेमध्ये ठेवून निरखून पाहिली होती. दाढेचे दोन तुकडे झाले होते. एका तुकड्याला चिकटलेलं माझं फिलिंग मात्र अगदी नवं होतं, त्याला कुठेही टवका नव्हता.