बिअरच्या कॅलेंडरातली लक्ष्मी

आमच्या भागात दारू कोणी पीत नाही. कोणालाही विचारा. इंदापूर रस्त्याला बिअरचा एक लहानसा कारखाना होता, तो इतकी वर्षं कोणाच्या जिवावर चालला, हे मात्र विचारायचं नाही.

त्या कारखान्याच्या दिवाळीच्या कॅलेंडरावरचं चित्र माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी काढलेलं. आबा बारामतीत पेंटर. दुकानाच्या पाट्या आणि ट्रॉल्यांवरचे मोर रंगवण्यात जन्म गेला. छापून आलं ते हे एकच चित्र. वर कमळात उभी लक्ष्मी. खाली चार बोटं पट्टी, तिच्यात कारखान्याचं नाव, फेसाळलेला ग्लास आणि ‘थंड घ्या, आनंदात राहा’. पट्टीच्याच कोपऱ्यात आबांची सही. देवीच्या अंगावर सही शोभत नाही, असं मालकाचं मत पडलं. ग्लास शोभत होता!

यंदा पुण्याहून एक गृहस्थ आले. जुन्या जाहिरातींचं प्रदर्शन भरवतात. आपण ज्यात भजी बांधली ते हे लोक काचेत लावतात. त्यांच्याकडे ती लक्ष्मी होती, पण पट्टी कापलेली. चित्र आबांचं, म्हटलं. ते गोड हसले. सहीची अख्खी प्रत दाखवा, नाहीतर खाली ‘चित्रकार अज्ञात’ लिहावं लागेल. ब्याऐंशी वर्षांचे आबा समोर बशीतून चहा पीत होते. त्यांनी बशी खाली ठेवली आणि उगाच चष्मा पुसला. माझं डोकंच फिरलं. जित्याजागत्या माणसाला अज्ञात म्हणता?

काढली स्कूटी. जळोचीत पहिल्याच घरात लक्ष्मी सापडली, फ्रेममध्ये, कुंकवाचा थर चढलेली. कमळाखाली कापलेली. दुसऱ्या घरात तीच तऱ्हा. पट्टीचं विचारलं की लोक अंग झटकायचे. एक तात्या म्हणाले, आमच्यात माळ हाय, असलं काही आमच्या घरात येत न्हाय. त्यांच्या शेडात बाटल्यांची रास होती, ती म्हणे फवारणीच्या औषधाची. असेल बाई. सुप्यात तर एका बाईंनी बिअरचं नाव ऐकताच माझ्यासमोर फ्रेम खिळ्यावरून उतरवली आणि पलंगाखाली सरकवली.

घरी येऊन मी सगळ्या तालुक्याचा उद्धार केला. ढोंगी मेले, माझ्या बापाचं नाव कापून उकिरड्यावर टाकलं. आबा ऐकत होते. फ्रेम उतरवल्याचं सांगितलं तेव्हा मात्र दचकले.

“लोकांनी न्हाय कापलं,” ते म्हणाले. “म्या कापलं.”

कारखान्यानं वाटायला गठ्ठे दिले होते. बिअरवाल्याचं म्हणून कोणी हातात धरेना. शेवटी आबा दुकानाचं दार लोटून दोन दिवस कात्री घेऊन बसले, एकेक पट्टी कापली आणि नुसत्या लक्ष्म्या आठवडी बाजारात वाटल्या. मालकाला सांगितलं, सगळी कॅलेंडरं गेली.

मला रडू आलं आणि रागही. एक तरी अख्खं ठेवायचं होतं की! आबा म्हणाले, तवा सुचलं न्हाय. मग म्हणाले, आता कुठं इचारत फिरू नगंस, आहेत त्या बी उतरवतील.

पुण्याच्या गृहस्थांना फोन करून सांगितलं, लिहा अज्ञात.

पळसदेवला एका घरात ती आहे असं कळलं होतं, तिथं मी अजून गेले नव्हते. आबांना बघायची होती, त्यांना स्कूटीवर मागे बसवून नेलं. पाणी प्यायला म्हणून थांबलो. घरच्या बाईंनी कौतुकानं देवघर दाखवलं. सासूबाईंच्या वेळची लक्ष्मी, म्हणाल्या, लई पावणारी हाय. कोणी काढली ते माझ्या अगदी ओठावर आलं. आबांनी माझं मनगट घट्ट धरलं.

मग ते फ्रेमच्या जवळ गेले, चष्मा वर सारून बघत राहिले आणि पुटपुटले, “डावा हात आखूड झालाय.”

बाईंचा चेहराच उतरला. “आबा, देवीला नावं ठिवू नयेत,” त्या म्हणाल्या.

आबांनी दोन्ही कानांना हात लावला, वाकून लक्ष्मीच्या पाया पडले आणि म्हणाले, “चुकलं, बाई.”